टिटवी कुणावर ओरडतेय?

आजोबांचं यंत्र सापडलं. आजोबा नाहीत!

चैत्रातला रविवार. खटाव तालुक्यातल्या त्या अफाट तलावावर पक्षी मोजायला आणि त्यांचे आवाज टिपायला नानासो गुरुजी उजाडताच काठावर उतरले होते. फोन गाडीत. आवाज टिपताना तो जवळ नको, हा त्यांचा नियम. दहा वाजले तरी ते परत येईनात. त्यांना साखरेचा त्रास. पोटात काही नसलं की घेरी यायची. नात सृष्टी हाका मारून मारून रडकुंडीला आली.

बरोबर होती ब्राह्मी मगदूम, सांगलीची खाजगी गुप्तहेर. आली होती पक्षी बघायला, शोधत होती माणूस. रस्त्याकडेच्या मैलदगडावर ठेवलेलं आवाज टिपायचं यंत्र तिलाच दिसलं. तिनं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला.

"ऐकताना हिरवा, टिपताना लाल," सृष्टी म्हणाली.

आजोबांचा आवाज आला. "पश्चिम काठ, सकाळचे साडेसहा." मग शेकाट्या पक्ष्यांची किलबिल, इंजिनाची घरघर, टिटवीचा आकांत... आणि एकदम काहीच नाही.

"बारा मिनिटं टिपलंय," ब्राह्मी म्हणाली. "शेवटी काही बोलले नाहीत?"

"शक्यच नाही, ताई! बंद करताना वेळ सांगतातच ते."

पश्चिम काठावर टिटवी अजून किंचाळत होती. धुळा मेंढपाळ बांधावरच थबकला होता.

"तिकडं का नाही नेल्या मेंढ्या?" ब्राह्मीनं विचारलं.

"आवं ताई, टिटवी मरण सांगती! उजाडल्यापासनं वरडतीया, दम न्हाई तिला. मी मेंढरं माघारी वळवली. त्या अंगाला कुत्रंबी फिरकलं न्हाई."

सृष्टीनं ब्राह्मीचा हात धरला.

गाळ वाहणारा दादासो ट्रॅक्टरला टेकून तंबाखू मळत होता. "मी आठला आलो. गुरुजी तवा रस्त्याला लागलेले. हातात यंत्र, लाल दिवा लुकलुकत हुता. कुणाच्यातरी फटफटीवर बसून गेले. येतील की! लय भिऊ नगंस, पोरी."

"ताई, आजूबाजूच्या वस्त्यांवर बघूया?" सृष्टी म्हणाली. "का खरंच टिटवी..."

"खरंच सांगतेय ती. पण मरण नव्हे!" ब्राह्मी दादासोकडे वळली. "सहा बेचाळीसला यंत्र बंद पडलं. मग आठला तुम्हाला लाल दिवा दिसला कसा? तो तुम्ही बघितलात यंत्र हिसकावताना! चोरून गाळ उपसत होतात, इंजिनाचा आवाज त्यात आला. नंतर दगडावर ठेवलंत, गुरुजी रस्त्यानं गेले असं वाटावं म्हणून."

दादासोच्या हातातली तंबाखू सांडली.

"टिटवी जमिनीवर अंडी घालते. जवळ काही हललं की ओरडते, ते गेलं की गप्प. साडेतीन तास तिथं मेंढरू नाही, कुत्रं नाही. मग ती कुणावर ओरडतेय? निपचित पडलेल्यावर नाही, सृष्टी. हलणाऱ्यावर!"

"म्या ढकललं न्हाई!" दादासो बोलून गेला. "वढाताणीत खड्ड्यात गेले. मला वाटलं, संपले..."

सृष्टी ऐकायला थांबलीच नाही. ती पळत सुटली. टिटवी तिच्या डोक्यावर झेपावत होती. तिला एवढंच वाटत होतं, ओरड गं बाई, थांबू नकोस!

उपशाच्या खोल खड्ड्यात आजोबा होते. घोटा सुजलेला, घसा बसलेला. वर चढायला धडपडत होते. ती उडी मारणार, तोच त्यांनी हात वर केला.

"उजवीकडनं ये गं," ते घोगऱ्या आवाजात कुजबुजले. "डाव्या कडेला चार अंडी हायत."