औषध उतरल्यावर

मऊ भाताचा डबा घेऊन कुसुमताई नित्याप्रमाणे दुपारी विश्रांतवाडीहून रुग्णालयात आल्या. त्यांचे यजमान यज्ञेश्वरपंत यांचा लघवीच्या संसर्गाचा ताप उतरला होता. सलाईनमधून प्रतिजैविक मात्र चालूच होते. परंतु कालपासून पंतांच्या बोटांना मध्येच हिसका बसे, आणि पायथ्याशी ठेवलेल्या रिकाम्या स्टुलावरून त्यांची नजर ढळत नसे.

"हळू बोल," ते कुजबुजले. "त्या बाई बसल्या आहेत. भिंतीकडे तोंड करून."

"कोण बाई?"

"तोंड दिसले तर सांगीन ना!"

भीती वाटली की कुसुमताईंची जीभ अधिकच तिखट होई. स्टुलाकडे वळून त्या म्हणाल्या, "अहो बाई, इथे फिनेलच्या वासात कशाला ताटकळता? आमच्या घरीच या की राहायला!"

पंतांच्या हातातला भाताचा चमचा अंथरुणावर पडला.

"कुसुम… त्या वळल्या. तुझ्याकडे पाहताहेत."

पंखा कुरकुरत होता. स्टूल रिकामेच होते.

डॉक्टरीणबाईंनी समजावले, "यांची मूत्रपिंडे मंदावली आहेत. औषध बाहेर पडत नाही, रक्तात साचते आणि मेंदूला बाधते. आपण ते बदलू. भास आपोआप जातील."

पंतांनी पत्नीचे मनगट घट्ट धरले. "बदलू देऊ नकोस. आज त्या कुठे आहेत, ते मला दिसते तरी. उद्या दिसणार नाहीत… मग तुला सावध कोण करील?"

कुसुमताईंनी हात सोडवून घेतला आणि होकार दिला.

भास खरोखरच गेले. घरी परतलेले पंत स्वतःवरच हसू लागले. "औषधाचा अंमल, दुसरे काय! तू मात्र आमंत्रण झकास दिलेस हो."

कुसुमताईंना हसू येईना. पंतांची नजर कुठे अडखळते का, हे त्या दिवसचे दिवस न्याहाळीत राहिल्या. ती कुठेच अडखळली नाही, तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला.

एके दिवशी सकाळी पंत आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचीत होते. पाय स्वयंपाकघराच्या वाटेवर पसरलेले. चहाचे आधण ठेवून कुसुमताईंनी आतून सहज बाहेर पाहिले. वर्तमानपत्रातून डोके न काढता पंतांनी पाय जवळ घेतले, कुणाला आत जाण्यास वाट द्यावी तसे. आणि क्षणभराने पुन्हा पसरले.

"अहो…" त्या मागे सरून ओट्याला टेकल्या. "पाय का जवळ घेतलेत?"

पंतांनी चष्म्यावरून पाहिले.

"पाय? मी कुठे हलवले?"