रिकाम्या कॅमेऱ्याचा फोटो

"अन् मी काय धरू?" जयानं विचारलं.

"तू? तू फक्त मधात सावली पडू देऊ नको!" धर्मपाल म्हणाला.

प्रेमसिंग खदखदून हसला. हसायचं काय होतं त्यात! जयाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचा हा आतेभाऊ धर्मपाल दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून गळ्यात बॉक्स कॅमेरा अडकवून काय आला, साऱ्या ढाणकी गावानं त्याला डोक्यावर घेतलं! आसपासची गावं हिंडून फोटोंची वही करायची, असा त्याचा बेत होता. खुशाल करावी. पण बंजारा तांड्यावरचा प्रेमसिंग म्हणजे जयाचा वर्गातला जिवलग. तोही आता धर्मपालची पिशवी धरून त्याच्या मागे मागे फिरायला लागला होता!

म्हणूनच आज सकाळी ते दोघे जेवत असताना जयानं गुपचूप कॅमेऱ्यातला रोल सरकवायची चावी फिरवली होती. मागच्या लाल काचेतला आठाचा आकडा सरकून दिसेनासा झाला. आठ फोटोंच्या रोलमधला शेवटचा फोटो वाया! तेव्हा बरं वाटलं. मग मात्र तिनं कॅमेऱ्याकडे पाहायचंच टाळलं.

"कालपर्यंत सात झाले. आठवा उमरखेडच्या गाडीचा!" धर्मपालनं जाहीर केलं, आणि तिघे आठवडी बाजारातून मोटारीकडे निघाले.

गाडीच्या खिडकीत आरशांचा घागरा घातलेली चारेक वर्षांची पोर हमसून हमसून रडत होती. शेजारी कोणीच नव्हतं.

"काका, हिच्यासंग कोणी नाही?" जयानं कंडक्टरला विचारलं.

"अवं, मघापासून 'गाडी, गाडी' करून रडून राह्यली," डोमाजी कंडक्टर म्हणाला. "घरचे फुडं गेले असतीन. म्हून म्या देल्ली बसवून. उमरखेडले येईनच कोणी घ्याले!"

जया खिडकीशी गेली. "याडी! याडी!" पोर रडत होती.

जया चमकली. प्रेमसिंगच्या घरी हा शब्द तिनं शंभरदा ऐकला होता!

"काका, ती गाडी नाही म्हणत! याडी म्हणते! याडी म्हंजे आई!"

"सरक व पोरी, येळ होते!"

इंजिन घरघरलं. जया धावत मागे आली. "प्रेम, पाह्य ना, कोन हाये ते?"

"अरे! हे तर आमच्या तांड्यावरच्या चंदाबाईची रुपी!"

"मंग पळ बाजारात! चंदाबाईले आण!"

पिशवी टाकून प्रेमसिंग सुसाट पळाला. जयानं धर्मपालचा हात धरला. "गाडी थांबव! साऱ्यायचा फोटो काढतो म्हण!"

"येडी झाली काय? एकच उरला हाये!"

"तोबी नाही!" जया ओरडली. "सकाळी मीच चावी फिरोली. मले तुया राग आलता! आता रिकामाच काढ, पण थांबव!"

धर्मपालनं लाल काचेत पाहिलं. आकडा नव्हता. त्यानं जयाकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आता हा गाडी जाऊ देणार! पण दुसऱ्याच क्षणी तो हात वर करून गाडीपुढे उभा राहिला.

"ड्रायव्हरसाहेब, फोटो! सारे खाली या!"

फोटो म्हटल्यावर कोण बसून राहणार! ड्रायव्हरनं इंजिन बंद करून मिशीला पीळ दिला. डोमाजीनं गळ्याचं बटण लावलं. एक आजोबा कोंबडीसकट उतरले. जयानं हळूच आत शिरून रुपीला कडेवर घेतलं.

"कोंबडी जरा वर! आजोबा, हलू नका! कंडक्टरसाहेब, हसा ना!" धर्मपाल काही केल्या बटण दाबेना.

तेवढ्यात प्रेमसिंगमागोमाग चंदाबाई धापा टाकत आली. "याडी!" रुपीनं झेप घेतली. चंदाबाई तिला कवटाळून रडू लागली.

डोमाजीचं तोंड उतरलं. "म्हंजे हे गाडी नोती मागत?" त्यानं स्वतःचाच कान पकडला. "चुकलो माय! शाबास रे नागपूरच्या पोरा, काय डोकं लढोलं!"

पुन्हा त्यालाच शाबासकी! जयानं ओठ चावला.

"माह्यं नाही, हिचं डोकं," धर्मपाल म्हणाला.

"फोटो कवा भेटन?" ड्रायव्हरनं विचारलं.

जयानंच सांगून टाकलं, "नाही भेटत. रोल संपला होता. म्या वाया घालवला."

"मंग मिशी कायले पिळली म्या!" ड्रायव्हर पोट धरधरून हसला. चंदाबाईनं जयाच्या डोक्यावरून हात फिरवला. "आजपासून तू बी मारी छोरी!"

घरी जाताना धर्मपालनं विचारलं, "एवढा राग येते तुले माह्या?"

"येते," जयानं खरं तेच सांगितलं.

"मलेबी तुया येते."

"काहून?"

"दोन दिवस झाले, हा प्रेमसिंग पिशवी माह्यी धरते अन् गोष्टी साऱ्या तुयाच सांगते!"