बोंब-चाचणी

"कुणी बंद केलं? कुणी बंद केलं ते आधी सांगा!"

तळघरातल्या यंत्रखोलीचं दार धाडकन उघडलं, आणि टेबलाखाली वाकून वायरी मोजणारी ती इतकी दचकली, की उठताना तिचं डोकं टेबलाच्या कडेवर सणकून आपटलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. काजवे विझल्यावर दारात एक माणूस दिसला... उन्हानं रापलेला, पाठीवर प्रवासाची पिशवी, बुटांना वाळलेला चिखल. आणि हातात कुंडी. कुंडीत बोटाच्या पेराएवढं एक रोप मान टाकून पडलं होतं.

"काय बंद केलं?" डोकं चोळत तिनं विचारलं. पण विचारता विचारताच तिची नजर कोपऱ्यातल्या त्या जुन्या, पिवळट पडलेल्या खोक्याकडे गेली.

ती काय करायची, ते आधी सांगायला हवं. ती तंत्रज्ञान सल्लागार. स्वतंत्र. म्हणजे कुणाची नोकर नाही आणि कुणाची लाडकीही नाही. ज्या कार्यालयात जाईल तिथली चाक मोडलेली खुर्ची तिच्या वाट्याला, आणि कॉफीचा कप नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी. घरचा फोन आई उचलायची आणि भाजी निवडता निवडता ऐटीत सांगायची, "मॅडम मीटिंगमध्ये आहेत. मी सेक्रेटरी बोलतेय." वनस्पती संशोधनाच्या या संस्थेनं तिला जुनी यंत्रं काढून नवी बसवायला बोलावलं होतं. सगळ्यांचा पत्ता लागला. एका पिवळट खोक्याचा लागेना. ते काय करतं, कुणाचं आहे, कुणालाच ठाऊक नव्हतं.

अशा वेळी या धंद्यात एक रीत आहे. ती पुस्तकात सापडत नाही, पण करतात सगळेच. वायर काढायची, आणि बोंब कुठून येते ते बघायचं. बोंब आली की मालक सापडला. नाही आली, तर यंत्र भंगारात. ती याला बोंब-चाचणी म्हणायची. वायर काढून बरेच दिवस झाले होते, आणि सगळीकडे शांतता होती.

आज बोंब आली होती.

"ते... तुमचं होतं?"

"माझं नाही. यांचं." त्यानं कुंडी तिच्या नाकासमोर धरली.

"मी सगळ्यांना विचारलं होतं! दोनदा. वायर काढली तरी कुणी ओरडलं नाही—"

"मी डोंगरात होतो, बिया गोळा करायला. तिथून ओरडलो असतो तरी तुम्हाला ऐकू आलं असतं का?"

"मग यंत्रावर निदान पाटी तरी लावायची होती ना!"

"वा!" तो म्हणाला. "चोराच्या उलट्या बोंबा."

तिला राग आला. खरं म्हणजे राग स्वतःचाच आला होता, पण तो काढायला समोर हाच होता. तो मात्र आता ओरडत नव्हता. सगळा आवाज एकदम संपल्यासारखा तो हळू म्हणाला, "कुणी ओरडलं नाही म्हणजे कुणाला गरज नाही, असं थोडंच असतं, बाई? ओरडणारा रजेवर असू शकतो."

तिनं गुडघ्यांवर बसून वायर पुन्हा जोडली. खोक्यातून टक् आलं... टक्... टक्... आणि मग काहीच नाही. वर्षानुवर्षं उभं राहिलेलं म्हातारं एकदा बसलं की उठत नाही, तसं ते यंत्र बसलं होतं.

"उठत नाहीये," ती म्हणाली.

काचघर संस्थेच्या मागच्या अंगाला होतं. त्या खोक्याचं काम एवढंच, की हवेतला ओलावा बघायचा, आणि तो कमी झाला की छताच्या नळ्यांतून धुकं सोडायचं. इतके दिवस आभाळ भरलेलं होतं म्हणून रोपं कशीबशी तगली होती. आज लख्ख ऊन पडलं होतं. काचेखाली नुसती भट्टी. लाकडी फळ्यांवर रांगेनं ठेवलेली ऑर्किडची इवली रोपं सुरकुतायला लागली होती.

"दुसरी मागवता येणार नाहीत?" तिनं भीत भीत विचारलं.

"कुठून? ज्या डोंगरावरची ही, तो डोंगरच राहिला नाही. त्याची खडी झाली. आपण ज्या रस्त्यानं येतो ना, त्याच्याखाली असेल." त्यानं कोपऱ्यातून फवाऱ्याचे दोन हातपंप काढले. "एवढीच उरलीत. ही गेली की संपलं."

तिनं बाह्या वर सारल्या.

"नवं यंत्र मी उभं करते. दोन-तीन दिवस लागतील."

"आणि तोवर?"

"तोवर तुम्ही आणि मी," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचे कान तापले. "म्हणजे... पंपानं, असं म्हणायचं होतं मला."

"मला तेच समजलं," तो म्हणाला. पण पंप देताना त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं.

दुपारी संचालकबाई येऊन गेल्या. दारातूनच त्यांनी रोपांवर नजर टाकली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघा, जुनं यंत्र होतं. आपोआप गेलं असं अहवालात लिहा. तुम्हालाही त्रास नको, आम्हालाही नको."

स्वतंत्र माणसाचा सगळा धंदा नावावर चालतो. एका ठिकाणी नाव गेलं की दहा दारं बंद होतात. हे तिला पक्कं माहीत होतं. तरी तोंडून निघालं, "आपोआप नाही गेलं. वायर मी काढली."

संचालकबाईंनी भुवया उंचावल्या आणि निघून गेल्या. तो मागच्याच फळीशी उभा होता. ऐकलं असणारच. पुढच्या फेरीला त्यानं स्वतःची रांग संपवली, आणि न विचारता तिचीही.

संस्थेत त्याला सगळे मौनीबाबा म्हणतात, हे तिला माळीदादांकडून कळलं. "झाडांशी बोलतो, माणसांशी नाही. तुमच्यावर ओरडला म्हणता? काहीतरीच! आम्ही कधी त्याचा चढलेला आवाज ऐकला नाही."

मग ते दिवस सुरू झाले. उजाडता उजाडता ती यायची, लॅपटॉपवर प्लास्टिकची पिशवी चढवायची, आणि फळ्यांच्या मधोमध बसून नवं यंत्र जुळवायची. थोड्या थोड्या वेळानं उठून पंप मारायचा. हातांना फोड आले. ओल्या मातीचा वास केसांत बसला. रोज एखादं रोप पिवळं पडायचं, तो ते उचलून बाजूला ठेवायचा, आणि ती मान वर करायची नाही.

तिच्या चष्म्यावर सारखी वाफ धरायची. एकदा तिनं वैतागून तो काढला, तर समोर रुमाल आला.

"चष्म्याशिवाय किती दिसतं?"

"तुम्ही नुसता हिरवा डाग दिसता."

"बरं आहे. एरवीही फार वेगळा नाही मी."

ती हसली. चष्मा पुसायला मुद्दाम वेळ लावला. धूसर दिसत असलं की माणसाकडे बिनधास्त टक लावून बघता येतं, आणि आपण बघतोय हे त्याला कळत नाही, अशी तिची समजूत होती. त्याला कळत होतं, हे तिला पुढे कधीतरी समजलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी नवं यंत्र तयार झालं. ऊन अगदी माथ्यावर. तिनं बटण दाबलं... नळ्या कोरड्याच. पुन्हा दाबलं. काही नाही. पडद्यावरचा आकडा वर चढत होता, फळीवरची रोपं तिच्या डोळ्यांदेखत माना टाकत होती, आणि ती एकेक वायर पुन्हा तपासत होती.

"सगळं बरोबर जोडलंय! मग का—"

"पाणी घ्या आधी."

"मला नकोय पाणी! मरतायत ती, दिसत नाही का तुम्हाला?"

तो पंप मारत राहिला. मग फक्त एवढंच म्हणाला, "आकडा चढला की ते म्हातारं धुकं सोडायचं. तुमचं कधी सोडणार?"

ती थिजली. "चढला की? उतरला की नाही?"

"चढला की."

ओलावा मोजणारं काचघरातलं जुनंच यंत्र उलटं होतं! हवा कोरडी झाली की आकडा वाढणारं, आणि ती आकडा कमी व्हायची वाट बघत बसली होती. तिनं प्रोग्रामची एक ओळ बदलली. क्षणभर शांतता... आणि वरून सर्रर्र असा आवाज करत धुकं उतरलं. फळ्यांवर, पानांवर, तिच्या केसांवर. तिनं आनंदाच्या भरात त्याचा हात घट्ट धरला. त्यानं सोडवला नाही. धुकं थांबेपर्यंत दोघं तसेच भिजत उभे होते.

"झालं," ती म्हणाली.

"झालं," तो म्हणाला.

आणि त्या एका शब्दानं दोघांचीही तोंडं उतरली.

निघायच्या दिवशी तिनं त्याला सगळं नीट शिकवलं. धुकं बंद पडलं की फोनवर सूचना येणार. कुणाचा नंबर कसा घालायचा, कसा काढायचा. मग स्वतःचा नंबर तिनं त्याच्यादेखत काढून टाकला.

"तुमचा का काढलात?"

"काम संपलं की सल्लागारानं आपली किल्ली परत करायची असते. नियम आहे."

"कुणाचा नियम?"

"माझाच."

त्यानं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती थांबली. चांगली दारात थांबली, दप्तराचा पट्टा उगाचच घट्ट करत.

"पाण्याची बाटली विसरताय," तो म्हणाला.

गेली मग ती!

त्यानंतर फोन नाही, निरोप नाही. दुसऱ्या एका कंपनीत काम सुरू झालं, पुन्हा मोडक्या चाकाची खुर्ची मिळाली. वायर काढायच्या आधी आता ती सगळ्यांना विचारायची, "कुणी रजेवर आहे का?" लोकांना वाटायचं, बाई किती काळजीनं काम करतात.

"फोनकडे अशी बघतेस, जसं काही दूधच उतू जाणार आहे," आई म्हणाली. "काय गं, ते झाडवाले—"

"काम संपलं, आई."

"मी कुठे कामाचं विचारलं?"

वायर काढली होती, आणि बोंब आली नव्हती. धंद्याच्या हिशेबानं निकाल स्पष्ट होता. तरी 'ओरडणारा रजेवर असू शकतो' हे त्याचंच वाक्य रात्रंदिवस तिला टोचत राहिलं. ती फोन हातात घ्यायची. काय बोलणार? रोपं कशी आहेत? ठेवून द्यायची. तिला तो हवा होता, आणि हे एवढं सरळ वाक्य तिला कुणालाच सांगता येत नव्हतं.

मग एका दुपारी, भर मीटिंगमध्ये, टेबलावरचा फोन थरथरला.

"काचघर: धुकं बंद."

आपला नंबर तर आपण काढला होता, हे तिच्या ध्यानात आलं, पण तोवर ती जिन्यावर पोचली होती. बाहेर ऊन रणरणत होतं. तिनं त्याला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. उचलला नाही! टॅक्सीत बसल्यावर तिच्या डोळ्यांपुढे नुसत्या सुरकुतलेल्या रांगा येत होत्या... ही गेली की संपलं. ही गेली की संपलं. संस्थेच्या फाटकापासून ती पळत सुटली आणि काचघराच्या दारातून तिनं जीव खाऊन हाक मारली, "अहो! कुठे आहात? अहो, धुकं बंद पडलंय! मरतील ना ती!"

बाहेर माळीदादांच्या हातातली झारी तशीच राहिली.

तो फळीशी स्टुलावर बसला होता. मांडीवर हातपंप. सगळी रोपं ओलीचिंब, टवटवीत, माना वर करून. आणि त्याच्या दुसऱ्या हातात वायर.

तिनं वायरीकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"तुम्ही काढलीत?"

"हो."

"मुद्दाम?"

"बोंब कुठून येते, ते बघत होतो."

"वेड लागलंय तुम्हाला? भर मीटिंगमधून उठून आले मी! जीव अर्धा झाला वाटेत! फोन का उचलत नव्हता?" ती ओरडत होती, तिचे डोळे भरत होते, आणि दोन्ही तिला आवरेनात.

"रोपांना एक क्षणही कोरडं ठेवलेलं नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "आणि आधी चौकशीही केली. घरी फोन केला होता. तुमच्या सेक्रेटरी म्हणाल्या, मॅडम रजेवर नाहीत."

"सेक्रेटरी कसली? आई आहे ती माझी!"

"तेही सांगितलं त्यांनी. आधी माझी मुळापासून चौकशी केली, मग सांगितलं."

"आणि माझा नंबर?"

"मी घातला. तुम्हीच तर शिकवलं होतं." तो उठला. वायर अजून हातातच होती. "तुम्ही दारात थांबला होतात ना, तेव्हाच ओरडायला हवं होतं मी. पण मला ओरडता येत नाही. पहिल्या दिवशी ओरडलो, ते रोपांसाठी. स्वतःसाठी कधी... जमलंच नाही."

"मग आता ओरडा," ती म्हणाली.

त्यानं एकदा फळ्यांकडे बघितलं. एकदा दाराकडे, जिथे माळीदादा उगाचच तीच कुंडी पुन्हा पुन्हा पुसत होते. मग तो अगदी हळू, जेमतेम तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाला,

"जाऊ नकोस."

तिला ते चांगलं खणखणीत ऐकू आलं.

"एवढं बोलायला इतके दिवस लावलेस?" ती म्हणाली, आणि त्याच्या हातातली वायर घेऊन तिनं ती जागेवर बसवली.

वरून सर्रर्र करत धुकं उतरलं. तिच्या चष्म्यावर वाफ धरली, आणि तिनं तो पुसला नाही. तेवढ्यात दोन्ही फोन एकदमच थरथरले, एक त्याच्या खिशात, एक तिच्या मुठीत.

"काचघर: धुकं सुरू."