बुरुलनं खोडलेला हात

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्यानं किर्गिझस्तानात, बिश्केकला यावं आणि सईकालशी उजव्या हातानं हस्तांदोलन करून दाखवावं.

नोव्हेंबरातला शुक्रवार. भर दुपार.

पाचव्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत बुरुल धाकट्या बहिणीचं, सईकालचं, चित्र काढत होती. माणसाएवढा कागद, कोळसा आणि पेस्टल. सोमवारी प्रदर्शन होतं. सईकाल दोन तास स्टुलावर उजवा हात उंचावून बसलेली.

"एजे, हात गळून पडेल आता." थोरल्या बहिणीला ती एजे म्हणायची.

"पडू दे. नाहीतरी तोच मेला जमत नाहीये."

खरंच जमत नव्हता. पंजा काढून-पुसून कागद काळवंडला होता, आणि खोडरबर झिजून संपलेलं. कोळसा पावाच्या मऊ गरानंही खोडता येतो, हे बुरुलला गुरूंनी शिकवलं होतं.

शेगडीजवळ ताटलीत सात नान होते. दर शुक्रवारी तेलात तळायचे. त्या वासावर घरातले मेलेले येतात. त्यांच्या नावानं दुआ म्हणायची, मगच हात लावायचा.

दुआ अजून व्हायची होती...

बुरुलनं सातवा नान उचलला.

"अगं, तो त्यांचा आहे!"

"त्यांना दात तरी उरलेत का? सहांत भागेल त्यांचं."

तिनं आतला गर काढला, चुरगळला आणि कागदावरचा पंजा पुसला. लख्ख निघाला.

कट्...

सुकी फांदी मोडावी तसा आवाज.

सईकालचा पंजा मनगटातून उलटा लोंबत होता. आधी ती नुसती बघतच राहिली.

मग किंचाळली.

बुरुलनं पंजा पुन्हा काढायला घेतला. कोळसा बसेना. गरातही तेल मुरलेलं होतं. कागदावर तेलाचा डाग पडला होता...

आणि तो खांद्याकडे सरकत होता.

डाग कोपरावर आला.

कट्...

हाड कातडी फाडून बाहेर आलं. रक्ताची चिळकांडी थेट चित्रावर उडाली.

"दुआ म्हण, एजे! दुआ!"

बुरुलनं म्हटली. डाग थांबला नाही.

दंड...

खांदा...

त्यापुढे मान होती.

पेन्सिलीला टोक करायची सुरी तिथेच पडली होती. बुरुलनं ती उचलली आणि कागदावरचा हात खांद्यातून कापून काढला.

तुकडा जमिनीवर पडला. डाग त्याच्यासोबतच गेला.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सईकालचा हात खांद्यापासून काढला. "कुठल्या यंत्रात सापडला?" त्यांनी विचारलं.

"निदान चित्र तरी पुरं कर," असं सईकाल अजून चिडवते. बुरुलनं कोळशाला पुन्हा बोट लावलेलं नाही. शुक्रवारी मात्र ती सातऐवजी आठ नान तळते. उगाच कमी पडायला नकोत.

कापलेला तुकडा तिनं पेटीत कुलपात ठेवलाय. जाळायचा धीर होत नाही. पंजाची जागा तिनं स्वतः पुसून कोरी केली होती...

आता तिथे कोळशाचा पंजा आहे. म्हातारा, गाठाळ. सईकालचा नव्हे.

तळहात वर केलेला, काही मागितल्यासारखा.

आधी तो एकच होता.

गेल्या शुक्रवारी बुरुलनं नेहमीसारखे आठ नान तळले, दुआ म्हटली, आणि पेटी उघडून पाहिलं.

कागदावर पंजे... नऊ.