वेताच्या खुर्चीवरची गोधडी

मालनने गोधडी ट्रंकेत घातली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि मनाला बजावलं की आता मागे वळून बघायचं नाही...

आदल्या दिवशी तिच्या कानावर एवढंच पडलं होतं. नवी भावजय लता तिच्या भावाला, वाल्मीकला सांगत होती की रविवारी माझे आईवडील पहिल्यांदा चहाला येतील, तेव्हा बाहेरची खोली सजवल्यासारखी दिसता कामा नये, सहज दिसली पाहिजे. लता देवळाली कॅम्पातल्या सुभेदाराची मुलगी, शाळेत शिक्षिका. तिच्या डोळ्यांना काय खुपतंय, हे मालनने न विचारताच ठरवून टाकलं. आई गेली तेव्हा मालन अठरा वर्षांची होती आणि वाल्मीक सहा. त्याच्यासाठी तिने आलेली स्थळं परत पाठवली, बालवाडीत नोकरी धरली, नाशिकरोडच्या कॉलनीतल्या या दोन खोल्या राखल्या, आणि आज त्याच खोल्यांत तिला आपलं आयुष्य अडगळीसारखं वाटू लागलं! दुखावलेलं माणूस विचारत बसत नाही, परस्पर निकाल लावून मोकळं होतं. मालननेही लावला. आईची गोधडी ट्रंकेत गेली, आईचा पाट आणि फोटो स्वयंपाकघरातल्या फळीमागे. रविवार उरकला की आपणही घोटीला, मावसबहीण सुलाबाईकडे, कायमचं निघून जायचं.

खोलीत उरली बुद्धाची तसबीर, एक खाट, नवे पडदे आणि कॅम्पातल्या बदली झालेल्या एका साहेबाच्या घरून लताने आणलेली डुलती वेताची खुर्ची. खोली लॉजसारखी सुबक आणि परकी दिसू लागली.

गुरुवारी दुपारी मालन बालवाडीतून परतली, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. दाराकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची पश्चिमेच्या खिडकीकडे वळली होती. आई तिथेच बसून धान्य निवडायची. आणि खुर्चीच्या हातावर गोधडी पडली होती...

ट्रंकेला कुलूप तसंच होतं. किल्ली कमरेलाच होती. मालनने गोधडी उचलली, तशी तिच्या कोपऱ्यात बाजरी खुळखुळली. गोधडी उपाशी शिवू नये म्हणून आई शेवटच्या कोपऱ्यात चिमूटभर बाजरी घालून मगच टाका मारायची. दाण्यांचा तो आवाज ऐकताच मालनच्या अंगावर सर्रकन काटा आला. घरात तिने कुणालाच काही सांगितलं नाही. गोधडी पुन्हा आत घातली आणि कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

शुक्रवारी गोधडी पुन्हा खुर्चीवर होती आणि शेजारी आईचा पाट, पाटावर तांब्यात कडुलिंबाची डहाळी. शनिवारी खिडकीत भिंतीला टेकवून आईचा फोटो. भीतीने मालनचा जीव अर्धा झाला होता, तरी एक गोष्ट तिला कबूल करावीच लागली, की खोली सुंदर दिसत होती. कुणी मुद्दाम काही मांडलंय असं वाटतच नव्हतं. कुणीतरी इथे रोज राहतं आणि आत्ताच पाणी आणायला उठून गेलंय, असं वाटत होतं. खुर्ची अजून किंचित डुलत होती.

मालन जमिनीवरच बसली. इतक्या वर्षांचे अश्रू एकदम लोटले.

"आई, मी जाते म्हणून रागावलीस ना गं? पण माझं इथं काय राहिलंय आता... त्यांचा संसार हाय, त्यांना मांडू दे."

"कुठं जाताय अक्का?"

दारात लता उभी होती, चेहरा पांढराफटक पडलेला. मालनने घोटीचं सगळं सांगून टाकलं, सहज दिसण्याबद्दल कानावर पडलेलं ते बोलणंही. लता धावत येऊन तिच्याजवळ बसली.

"अक्का, आमच्या घरात जुनं काही कधी राहिलंच नाही. दर बदलीला विकायचं, नव्या क्वार्टरमध्ये नव्यानं मांडायचं. मला या घरात राहिलेल्या माणसांच्या वस्तू हव्या होत्या. तुम्ही त्याच आत टाकल्यात. मला वाटलं, मला पाहुणीच ठेवायचं ठरवलंय तुम्ही." ती हुंदका गिळून म्हणाली, "म्हणून मधल्या सुट्टीत घरी येऊन मी पाट काढला, फोटो काढला. सांगायचा धीर झाला नाही."

मालनच्या छातीवरचा धोंडाच उतरला. तिने लताला पोटाशी धरलं. ज्या पोरीला आपण गर्विष्ठ समजलो, ती आपल्याच दारात जागा मागत उभी होती, आणि आपल्याला दिसली नाही...

"आणि ट्रंक कशी उघडलीस?" डोळे पुसत मालनने विचारलं.

"ट्रंक?" लता गोंधळली. "गोधडी तुम्हीच ठेवत होतात ना? काल ती खुर्चीवर दिसली, तेव्हा कुठे मला पाट काढायचा धीर आला."

मालनने कमरेची किल्ली चाचपली. दोघीही खुर्चीकडे बघत राहिल्या.

घोटीची पिशवी मालनने त्याच संध्याकाळी रिकामी केली.

रविवारी सुभेदार आणि त्यांच्या पत्नी भागीबाई आले. भागीबाईंनी खोलीवरून नजर फिरवली, खूश झाल्या आणि वेताच्या खुर्चीकडे वळल्या. "तिथं नको," मालन आणि लता एकाच वेळी म्हणाल्या. वाल्मीक चक्रावला. भागीबाई मुकाट्याने खाटेवर बसल्या आणि चहा घेता घेता त्यांनी विचारलं, की खोली एवढी छान कुणी लावली?

लताने मालनचा हात घट्ट धरला.

"आईंनी," ती म्हणाली.

खिडकीपाशी खुर्ची हळूच मागे कलली, आणि गोधडीच्या कोपऱ्यात बाजरी खुळखुळली.