आधी धक्का

१९६३च्या जानेवारीत इस्राएलमधल्या एलातचे बंदर-कामगार आणि हॉटेलांतल्या बायका यांना इंग्रजी शिकवायचं काम रिबेकाकडे आलं. मुंबईच्या शाळेत बारा वर्षं शिकवून ती इथं आलेली. दुपारी तीनचा वर्ग, पत्र्याची खोली, सतरा माणसं.

त्या दिवशी आवाजांवरून झालेले शब्द होते. टिक, हिस, स्प्लॅश. माणसं हसत होती. मग तिनं फळ्यावर ‘थड’ लिहिलं आणि अर्थ कळावा म्हणून जाडं पुस्तक टेबलावर टाकलं.

“हा तो आवाज नव्हे, मोरा,” बंदरावरचा मेइर म्हणाला. शिकवणाऱ्या बाईंना सगळे हिब्रूत मोराच म्हणत.

“मग कुठला?”

मेइरनं स्वतःच्या छातीवर मूठ आपटली. मऊ, बोदा आवाज. मग सतराही जणांनी आपटली, एकदमच. मागोमाग हॉटेलात लाद्या पुसणाऱ्या येमिमानं बाकावर नखं वाजवली. रिकामा डबा घरंगळत लांब जावा तसा आवाज.

रिबेकाच्या हातातला खडू मोडला.

दोन महिन्यांपूर्वी बेर शेवाहून परतताना, तिन्हीसांजेला, नवऱ्याच्या ट्रकला काहीतरी लागलं होतं. अस्साच आवाज, आणि मागून डबा. जॉशुआनं ब्रेकवर पाय ठेवला तेव्हा तीच म्हणाली होती, “बकरं असेल. चल तू.” घरी आल्यावर त्यानं ट्रक धुतला. विषय पुन्हा निघाला नाही.

“हा शब्द आला कुठून?” येमिमानं विचारलं.

रिबेकानं मुंबईची डिक्शनरी उघडली. “मूळ अर्थ बहुधा धक्का देणं. आवाज हा अर्थ मागाहून आला.”

“म्हणजे आधी धक्का,” मेइर म्हणाला. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं.

“तो आवाज तुम्ही कुठं ऐकलात?” रिबेकानं विचारलं.

“आम्ही? तुम्हीच तर आता करून दाखवलात, मोरा.”

वर्ग तसाच टाकून ती घरी गेली. जॉशुआ बूट चढवून उंबऱ्यातच बसला होता.

“पोलिसांत जाऊया,” ती म्हणाली.

का, ते त्यानं विचारलं नाही.

चौकीतल्या हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. लिहिलं काहीच नाही.

“दुधाचा डबा घेतलेला म्हातारा ना? रोज चारला येतो, या खुर्चीत बसतो. ट्रकवाले आले का, एवढंच विचारतो. आज तेवढा आला नाही.”

“म्हणजे जिवंत आहे?” रिबेकाला रडूच फुटलं.

हवालदारानं जॉशुआकडे बघून नकारार्थी मान हलवली. मग त्यानं तीच लोखंडी खुर्ची पुढे सरकवली.

“बसा, बाई.”

उघड्या दारातून बोचरा वारा येत होता. रिबेका बसली.

खुर्ची कोमट होती.