नववा थर

फळी

फळी दोन फूट उंच, दीड फूट रुंद. हलक्या, सच्छिद्र लाकडाची, कारण मेण प्यायला लाकूड तहानलेलं लागतं. मेणासकट वजन तीन किलो आठशे चाळीस ग्रॅम. हा आकडा आधीच लिहून ठेवते. पुढे तो लागेल, आणि तेव्हा मी तो सोयीने फिरवला असं कुणाला वाटायला नको.

मी मेणाने चित्रं काढते. मधमाश्यांचं मेण आठ भाग, राळ एक भाग; विजेच्या शेगडीवर पत्र्याच्या डब्यांत वितळवायचं आणि त्यात कोरडा रंग कालवायचा. डब्यातून फळीपर्यंत ब्रश नेईस्तोवर मेण घट्ट व्हायला लागतं, म्हणून विचार आधी करायचा, हात नंतर चालवायचा. थर लावला की त्यावर गरम हवा सोडायची. पृष्ठभाग चमकला की थांबायचं. तेवढ्यात वरचा थर खालच्यात जरासा विरघळतो आणि एकजीव होतो. याला मी ताव देणं म्हणते. ताव न दिलेला थर नुसता बसलेला असतो, पाहुण्यासारखा. कधीही उठून जाईल.

एवढं सगळं सांगितलं ते अशासाठी की मला माझं काम येतं.

थर पहिला

ताई एकवीस वर्षांची.

एका मंगळवारी सकाळी ती एक बॅग घेऊन गेली. भांडण नाही, चिठ्ठी नाही. "पोचले की कळवते," म्हणाली. दोन पत्रं आली. दुसऱ्यावर पत्ता नव्हता. पोलीस म्हणाले, सज्ञान माणूस आपल्या मर्जीने कुठेही जाऊ शकतं. मी तेव्हा एकोणीसची होते, मेणाचं काम नुकतंच शिकत होते. बोटं भाजलेली असायची.

आई ताईला मोठी म्हणते आणि मला धाकटी. ती म्हणाली, "मोठीचा चेहरा काढून ठेव. माझ्या डोक्यातला पुसट होईल."

काढला. तिची एक भुवई दुसरीपेक्षा वर असायची, समोरचा थापा मारतोय अशी खात्री असल्यासारखी. ती जमली आणि बाकीचा चेहरा आपोआप आला.

थर दुसरा ते पाचवा

पुढच्या वाढदिवशी आई चित्रासमोर उभी राहिली. "ही अजून एकवीसचीच? बावीसची कर."

मेणात हे जमतं. जुनं पुसावं लागत नाही. वरून पातळ थर द्यायचा, ताव द्यायचा, की चेहरा एका वर्षाने पुढे सरकतो. मग दरवर्षीचंच झालं. नमुना म्हणून आरसा. आम्ही दोघी एका साच्यातल्या; माझ्या चेहऱ्यात वर्षभरात काय बदललं ते पाहायचं आणि त्यात दोन वर्षं मिळवायची.

परीक्षक आई.

"गालफडं का बसवलीस तिची? उपाशी आहे का ती?"

"आई, या वयात गाल उतरतात."

"तुझे उतरले असतील, चार घास वेळेवर खात नाहीस म्हणून. तिचे भर."

मी भरायचे. मेणच ते.

थर सहावा, सातवा

काचबिंदू. आईला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. सहावा थर तिने बोटांनी पाहिला. कपाळापासून सुरुवात केली, भुवईवर आली आणि हसली. "अजून तश्शीच बघते. सुधारली नाही कार्टी."

त्याच दिवशी ती बोलून गेली, "थर लागतोय ना? म्हणजे मोठी वाढतेय. वाढतेय म्हणजे कुठेतरी आहे."

मी हसण्यावारी नेलं. पण तेव्हापासून दर वाढदिवशी ती माझ्या कामाच्या खोलीच्या दारात थांबते आणि विचारते, "लागला?" मी "लागला" म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही. ऐकलं की तिचे खांदे दोन बोटं खाली येतात. मग पुढचं वर्षभर ती मजेत असते. ताईची गादी उन्हात टाकते, माझ्याशी भांडते, डॉक्टरांना टोमणे मारते. त्या एका शब्दावर आई वर्ष काढते, हे मला सातव्या थराच्या वेळी कळलं.

थर आठवा

लागला. नोंदवहीत तसंच लिहिलंय. मेण ब्याऐंशी अंश, खोली कोरडी, ताव दोनदा.

दोनदा का, ते लिहिलेलं नाही.

थर नववा, पहिला प्रयत्न

वाढदिवसाला आठ दिवस होते. ताई आता एकोणतीसची. मी ओठांच्या कडेला दोन बारीक रेषा घेतल्या, डोळ्यांखाली किंचित सावली. ताव दिला. थर चमकला.

आणि गोळा झाला. अळवावरच्या पाण्यासारखा थेंब थेंब होऊन गालावरून घरंगळला, टेबलावर पडला आणि गोठला. खाली ताई अठ्ठावीसची, जशीच्या तशी.

धूळ असेल. तेलकट हात लागला असेल. पुसून घेतलं.

नववा, दुसरा प्रयत्न

नवं मेण, नवी राळ. घरंगळला.

नववा, तिसरा प्रयत्न

तेच मेण लाकडाच्या दुसऱ्या तुकड्यावर: लागलं. नखाने निघेना.

तेच मेण याच फळीवर, ताईच्या डोक्यामागे रंगवलेल्या भिंतीवर: लागलं.

कपाळावर: नाही. मानेवर: नाही. कानाच्या पाळीवर: नाही.

नववा, चौथा प्रयत्न

नोंद केलेली नाही.

ओल

मेण न धरण्याचं एक कारण कुठल्याही नवशिक्याला ठाऊक असतं. खाली ओल असली तर मेण धरत नाही. मी फळी चादरीत गुंडाळली आणि ज्यांनी ती बनवून दिली होती त्या सुतारकाकांकडे नेली.

"काका, हिला ओल आहे का बघा."

"आठ वर्षांनी तक्रार? तुझ्या चिकाटीला मानलं बाई." त्यांच्याकडे ओल मोजायचं एक छोटं यंत्र आहे, दोन सुयांचं. त्यांनी मागून तीन जागी टोचून पाहिलं. "आठ टक्के. माझ्या हाडांत याहून जास्त ओल असेल. फळी ठणठणीत आहे."

"पण मेण धरत नाही."

"मग मेणवाल्याला धर. तुम्हा चित्रकारांचं एक बरं असतं, बिघडलं की सुतार, जमलं की—"

बोलता बोलता त्यांनी फळी उलटी केली. नीट धरता यावी म्हणून अंगठा ताईच्या गालावर टेकला. वाक्य तिथेच राहिलं. त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, पँटला पुसला, पुन्हा टेकवला, पुन्हा पाहिला.

"कोण आहे ही?"

"माझी बहीण."

त्यांनी चादर स्वतःच गुंडाळून दिली. हनुवटीखाली नीट खोचून, लहान मुलाला पांघरूण घालतात तशी.

"घरी ने तिला," म्हणाले. "उगाच हिंडवू नकोस."

काप

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा. जबड्याखाली, जिथे दिसणार नाही आणि आईचं बोट जाणार नाही अशा जागी, पात्याने तांदळाच्या दाण्याएवढा तिरका काप घेतला. कापात थर दिसतात. भिंगातून मोजताही येतात.

पहिले सात एकमेकांत मुरलेले. कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते सांगता येऊ नये, इतके. सातव्या आणि आठव्याच्या मध्ये सरळ, स्वच्छ रेघ.

म्हणजे आठवा लागलाच नव्हता. वर्षभर नुसता बसून होता. मी आईला "लागला" म्हणाले होते, आणि ते तेव्हाही खोटं होतं.

सातवा थर सत्तावीसचा. आज मी सत्तावीसची आहे.

रेघेतून एक थेंब आला. टिपला. दुसरा आला. तो टिपेपर्यंत तिसरा. मग मी खाली वाटी ठेवली.

दहा ते दोन, चार तासांत साठ मिलिलिटर पाणी जमलं. फळी काट्यावर ठेवली: तीन किलो आठशे चाळीस. काप घेण्याआधी: तीन किलो आठशे चाळीस. काटा बिघडला असेल म्हणून त्यावर एक किलोचं वजन ठेवून पाहिलं. काटा बरोबर होता.

साठ मिलिलिटर पाण्याचं वजन साठ ग्रॅम असतं. याहून जास्त मी काही लिहू शकत नाही.

चव घेऊन बघणार होते. घेतली नाही. पाण्याला शेवाळाचा वास होता. वाटी ओतून दिल्यावर तळाशी चिमूटभर रेती उरली.

काप गरम मेणाने बुजवायला गेले. मेण घरंगळलं. शेवटी कापडाची पट्टी घेऊन जागा दाबून धरली, जखम दाबतात तशी, आणि बराच वेळ उभी राहिले. पाणी थांबलं.

आई

वाढदिवस. सकाळचे अकरा. खिडकीतून टेबलापर्यंत ऊन आलेलं.

आईला काय सांगायचं ते मी ठरवून टाकलं होतं. फळी कोरड्या फडक्याने तीनदा पुसली, तासभर पंख्याखाली ठेवली, मग स्टँडवर लावली. नवा थर नव्हता, पण आईच्या बोटांना काहीतरी सापडायला हवं. म्हणून ओठांच्या कडेला पात्याच्या टोकाने दोन रेषा कोरायला गेले. पातं पुढे सरकलं की मागचा चरा भरून येत होता. पाण्यावर रेघ मारावी तसा. पातं ठेवून दिलं.

आईची काठी आली. दारात थांबली.

"लागला?"

"लागला."

आईचे खांदे होते तिथेच राहिले.

"पुन्हा म्हण."

"लागला, आई."

"बरं." ती आत आली. काठी टेबलाला टेकवली आणि दोन्ही हात पुढे केले. मी नेहमीप्रमाणे तिची मनगटं धरून ती चित्रापर्यंत नेली.

कपाळ. वरची भुवई. पापण्या. गाल. बोटं हळू चालली होती. ओठांच्या कडेपाशी ती थांबलीच नाहीत.

मग आईने हात काढून घेतले आणि बोटांची टोकं एकमेकांवर घासली.

"अगं," ती म्हणाली, "ही भिजलीये."

मी टेबलावरचं फडकं उचललं.

"नखशिखांत भिजलीये ही. केव्हापासून अशी उभी ठेवलीस?"

"आई, ते चित्र आहे. पुसताना फडकं जरा ओलं..."

"टॉवेल दे आधी. गप्पा मग."

आवाजात रडू नव्हतं. शाळेतून भिजत आलेल्या पोरीवर ओरडावं तसा आवाज होता. त्या आवाजापुढे आमच्या घरात कधी कुणाचं चाललं नाही.

हात पुसायचा टॉवेल खुंटीवर होता. तो दिला. आईने चाचपला आणि परत केला.

"हा नाही. मोठा आण. केस बघ किती वाढलेत हिचे."

चित्रातले केस कानापर्यंत आहेत. मी त्यांना कधी लांबी दिलेली नाही.

मी आतून मोठा टॉवेल आणला.

आईने तो चित्राच्या डोक्यावर टाकला आणि दोन्ही हातांनी खसाखसा पुसायला लागली. मग मानेच्या मागे. मग टॉवेलात केसांचा शेपटा धरतात तसं काही धरून, पिळत पिळत ती खाली आली.

फळी गळ्याच्या हाडापाशी संपते.

आईचे हात तिथे थांबले नाहीत. खांदा. दंड. मनगट. कोरडा टॉवेल जिथे जिथे जात होता तिथे तिथे गडद होत होता.

"थंड पडलीस गं," ती म्हणाली. माझ्याशी नाही.

खिडकीतलं ऊन तसंच होतं. शेगडी बंद होती. मी ते दोनदा तपासलं.

"धाकटे."

"काय?"

"पाठ तू पूस. माझा हात पोचत नाही."

मी टॉवेल घेतला. तो चांगलाच जड झाला होता. फळीच्या खालच्या कडेखाली स्टँडचे पाय होते, आणि पायांमधून पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती. तिथे मी हात पुढे केला.

टॉवेल वीतभर गेला आणि हळूच अडला.